'बनगरवाडी' : मेंढपाळ वस्तीचे चरित्र आणि कथनाचा दृष्टिकोण

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) ह्यांची 'बनगरवाडी' १९५५ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ह्या लहानशा कादंबरीविषयी जे लिहिले गेले, त्यात एक गोष्ट जवळजवळ गृहीत धरलेली आढळते. ती अशी की, ही एका गावाच्या उदयास्ताची कथा आहे. मास्तर येतो, ओस पडलेली शाळा भरू लागते, वाडीचे लोक अंगमेहनतीने तालीम उभारतात, कारभारी मरतो, पाऊस दगा देतो आणि गाव उठून जाते. ह्या क्रमाने पाहिले असता शेवट शोकात्म ठरतो आणि मास्तराचे एकटेपण हे त्या शोकाचे परिमाण ठरते. हा अर्थ चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्यात एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला आहे. जी वस्ती उठली ती मराठी समीक्षेला परिचित असलेल्या अर्थाने 'गाव' होती काय?

ग्रामीण साहित्याची चर्चा करताना मराठी समीक्षेच्या डोळ्यांसमोर जे गाव असते, ते कुणब्याचे गाव असते. त्याला पाटील-कुलकर्णी असतात, बारा बलुतेदार असतात, शिवाराच्या खुणा असतात, बहुधा वेस असते आणि आठवड्याचा बाजार नसला तरी बाजाराची वाट असते. अशा गावाचा जीव जमिनीत असतो. जमीन जागची हलत नाही म्हणून माणसेही हलत नाहीत, आणि ती हलली तर काही भयंकर घडले असे समजावयाचे. बनगरवाडीची घडण निराळी आहे. तेथे धनगरांची थोडी घरे आहेत, आनंदा रामोश्यासारखी त्यांच्या आश्रयाने राहणारी चार माणसे आहेत, आयबूसारखा एखादा पोरका जीव आहे. वाडीवर ज्याचा शब्द चालतो तो म्हातारा कारभारी आहे. त्याचा अधिकार वयाचा, अनुभवाचा आणि लोकांनी मानल्याचा आहे. ह्या वस्तीचा जीव मेंढरांत आहे, आणि मेंढरू ही चालती मालमत्ता आहे.

'वाडी' ह्या शब्दाकडेही थोडे लक्ष दिले पाहिजे. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यापासून मराठीत वाडी, वाडा, वाडगे हे सगळे शब्द आले. पुण्यासाताऱ्याकडे 'वाडा' म्हटले की चौसोपी, चिरेबंदी, पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी उभी असलेली इमारत डोळ्यांपुढे येते. धनगरांच्या बोलीत मात्र वाटेने एकत्र चालणारी, रात्री एका ठिकाणी मेंढरे बसवणारी काही कुटुंबे मिळून 'वाडा' होतो. एकाच शब्दाने एका समाजात सर्वांत स्थिर वस्तू दर्शवावी आणि दुसऱ्यात सर्वांत फिरती, हा नुसता भाषिक योगायोग मानून सोडून देण्यासारखा नाही. बनगरवाडी ह्या दोन अर्थांच्या मध्ये कोठे तरी आहे. तिची घरे जागची हलत नाहीत, पण घरांतील माणसांचे चित्त सदैव चाऱ्याच्या दिशेला लागलेले असते.

माणदेशाची भूमी ह्या जीवनाला कारण झाली आहे. महादेवाच्या डोंगररांगांच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत पडलेला हा मुलूख माण नदीच्या दोहों काठांनी भीमेपर्यंत उतरत जातो. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. काळी जमीन ओढ्याकाठी तेवढी, बाकी सारा माळ आणि मुरूम. अशा ठिकाणी बाजरीचे पीक हाती लागेल ते खरे, पण कुसळी गवतावर मेंढरू जगते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६–७८चा दुष्काळ आणि अलीकडचा १९७२चा दुष्काळ ह्या मुलखाच्या स्मृतीत टप्प्यांच्या दगडांसारखे रोवलेले आहेत. परंतु दुष्काळ नसतानाही येथील मेंढके घरी बसत नाहीत. पावसाळा माळावर काढावयाचा, दसरा-दिवाळी उलटली की कळप घेऊन निघावयाचे, पश्चिमेला घाट ओलांडून अथवा नदीकाठच्या बागाईत मुलखात हिंडावयाचे, शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसा घ्यावयाचा आणि मृगाच्या सुमारास परत फिरावयाचे, हा वार्षिक क्रम आहे. ह्या व्यवहारात मेंढीचे मांस आणि लोकर ह्यांच्या जोडीला तिची लेंडी हीही विक्रीची वस्तू असते, हे शहरी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. कुणब्याला धनगर हवा असतो आणि धनगराला कुणबी. दोघांचे पटतेच असे मात्र नाही.

ह्या भटक्या क्रमाचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकांनी साहित्याच्या अभ्यासकांपेक्षा आधी ओळखले. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'मिथ अँड रिॲलिटी' ह्या ग्रंथात दख्खनच्या पठारावरील देवस्थाने आणि पशुपालांच्या जुन्या वाटा ह्यांचा संबंध दाखविला. गुंथर सोन्थायमर ह्या जर्मन पंडिताने धनगरांबरोबर हिंडून, त्यांच्या ओव्या ऐकून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा ह्या दैवतांवर १९७६ साली प्रबंध प्रसिद्ध केला. रामचंद्र चिंतामण ढेरे ह्यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' ह्या ग्रंथात पंढरीच्या देवाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. ह्या तिन्ही प्रयत्नांचा एकत्रित परिणाम असा झाला की, महाराष्ट्राच्या संस्कृतीची जडणघडण केवळ नांगराने झाली, हा समज टिकणे कठीण झाले. साहित्यविचारात मात्र तो टिकून आहे. 'बनगरवाडी'ला 'ग्रामीण' अथवा 'प्रादेशिक' ह्या खणात ठेवून देणे हे त्याचेच एक उदाहरण होय.

ह्या दृष्टीने कादंबरीतील एका प्रसंगाचा विचार उद्बोधक ठरेल. शेकूजवळ एकच बैल आहे. पेरणीची वेळ आलेली, दुसरा बैल कोणी देत नाही. शेवटी जुवाच्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको असा जोड होतो. हा प्रसंग वाचकाच्या मनातून कधी जात नाही, आणि दारिद्र्याचे प्रतीक म्हणून त्याचा उल्लेख वारंवार केला जातो. परंतु ह्या स्त्रीच्या खांद्यावर आलेले जू हे नांगरटीचे जू आहे. मेंढरांच्या वस्तीत राहून शेती करू पाहणाऱ्या, म्हणजे एका जीवनरीतीतून दुसरीत पाऊल टाकू पाहणाऱ्या माणसाच्या घरावर ते आलेले आहे. मेंढक्याला जू लागत नाही. शेकू हा स्थिर होऊ पाहतो आणि स्थिर होण्याची किंमत त्याची बायको देते. माडगूळकर ह्यावर कोठेही भाष्य करीत नाहीत. त्यांच्या संयमाची जी स्तुती होते ती यथार्थ आहे. मात्र ह्या संयमामुळेच प्रसंगातील आर्थिक अर्थ दुर्लक्षिला गेला, हेही खरे आहे.

शाळा आणि तालीम ह्या दोन संस्थांकडे ह्याच अंगाने पाहिले पाहिजे. बनगरवाडीत शाळा चालत नाही, कारण पोरे कोकरांमागे असतात. मेंढपाळाच्या कुटुंबात सहासात वर्षांचे मूल हे काम करणारे माणूस असते, आणि त्याला फळ्यासमोर बसविणे म्हणजे कळपाचा एक राखणदार कमी करणे होय. कारभाऱ्याने मनावर घेतले म्हणून शाळा भरली. शिक्षणाची गोडी लागली म्हणून नव्हे. मास्तर वाडीला उपयोगी पडतो तो बाराखडीमुळे कमी आणि तालुक्याशी, टपालाशी, कचेरीशी असलेल्या ओळखीमुळे अधिक. लेखक हे सारे जाणतो. राजाराम सौंदणीकर हा कथक ते हळूहळू शिकतो. कादंबरीतील खरे शिक्षण मास्तराचे होते, हे निरीक्षण अनेकांनी केलेले आहे आणि त्यात वाद नाही.

तालमीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कथेचा काळ औंध संस्थानाचा आहे. आटपाडीचा मुलूख ह्या संस्थानात मोडत असे. संस्थान लहान, सारी मिळून ७२ गावे, तीही विखुरलेली. पण भवानराव पंतप्रतिनिधींमुळे त्याचे नाव मोठे झाले. चित्रकलेचा षौक, सूर्यनमस्कारांचा ध्यास आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती दिलेला राज्यकारभार ह्या तीन गोष्टी त्यांच्या चरित्रात एकत्र नांदतात. त्याच सुमारास आटपाडीजवळ कैद्यांची भिंती नसलेली वसाहत 'स्वतंत्रपूर' ह्या नावाने स्थापन झाली. पुढे १९५७ साली निघालेल्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटाला तिचा आधार मिळाला आणि त्याची कथा व्यंकटेश माडगूळकरांचे वडीलबंधू ग. दि. माडगूळकर ह्यांनी लिहिली. एकाच ओसाड मुलखातील दोन वस्त्यांनी दोन भावांना विषय पुरवावेत, ही मराठी वाङ्मयेतिहासातील मौजेची नोंद आहे.

अशा संस्थानात मास्तराला तालीम बांधावीशी वाटणे आणि तिच्या उद्‌घाटनाला खुद्द राजाने येणे स्वाभाविकच आहे. तालीम हा राजाचा आदर्श होता. मास्तर तो वाडीत आणतो. लोक दगड वाहतात, माती कालवतात, आणि कादंबरीतील सामुदायिक आनंदाचा परमोच्च क्षण ह्या बांधकामाभोवती फुलतो. परंतु ही तालीम वाडीच्या गरजेतून उगवलेली नाही. रोज रानोमाळ कोसकोस चालणाऱ्या मेंढक्याला बंद खोलीत जोर काढावयास सांगणे ह्यातला विनोद लेखकाला दिसला नसेल असे वाटत नाही. राम देशमुख ह्यांनी १९५८ साली कादंबरीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा तिला जे नाव दिले त्याचा अर्थ 'भिंती नसलेले गाव' असा होतो. हे शीर्षक मूळ नावापेक्षा भडक आहे, पण त्यात एक समीक्षा दडलेली आहे. ज्या वस्तीला भिंती नव्हत्या तिने एकच भिंतींची वास्तू एकदिलाने बांधली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती वस्ती उठली. तालीम आणि दुष्काळ ह्यांत कार्यकारणभाव अर्थातच नाही. कलाकृतीच्या रचनेत मात्र ते शेजारी येतात, आणि शेजारी आलेल्या गोष्टी वाचकाच्या मनात एकमेकींवर प्रकाश टाकतात.

आता शेवटाकडे वळता येईल. मेंढपाळ वस्तीच्या दृष्टीने उठून जाणे हा जगण्याचा एक जुना उपाय आहे. चारा संपला की निघावयाचे, पाऊस पडला की परतावयाचे. म्हणून बनगरवाडीचा शेवट हा अंत नसून एका दीर्घ फेऱ्यातील एक वळण आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. ह्या मोहाला पूर्णपणे बळी पडता कामा नये. कादंबरीतला दुष्काळ खरा आहे, मेंढरे खरोखर मरतात, आणि ज्यांची मेंढरे मेली त्यांना परतण्याचे साधन उरत नाही. दरवर्षीचे जाणे कळप घेऊन असते. हे जाणे कळप गमावून आहे. तेव्हा मास्तराला जे दुःख होते ते केवळ स्थिर संस्कृतीच्या माणसाचे अज्ञान म्हणून झटकून टाकता येणार नाही.

तरीही एक आक्षेप उरतोच, आणि तो ह्या कादंबरीच्या कथनपद्धतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप मानावा लागेल. वाडीचे नेहमीचे जाणे आणि ह्या वर्षीचे जाणे ह्यांतला फरक वाचकाला तोलता यावयाचा, तर नेहमीचे जाणे त्याला दिसले पाहिजे. ते दिसत नाही; दिसू शकतही नाही. कथक शाळामास्तर आहे, शाळा जागची हलत नाही, आणि म्हणून कथनही वाडी आणि तालुका ह्यांच्या मधल्या वाटेपलीकडे जाऊ शकत नाही. मेंढरांमागे दूर गेलेल्या माणसांचे वर्ष, परमुलखातल्या शेतकऱ्याशी होणारी घासाघीस, रात्रीची राखण, वाटेवरचे बाळंतपण ह्यांतले काही मास्तराच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. प्रथमपुरुषी निवेदनाने 'बनगरवाडी'ला जी विलक्षण प्रत्यक्षता दिली, तिची ही किंमत आहे. मेंढपाळांची कादंबरी मेंढपाळांच्या पाठमोऱ्या आकृतीपाशी थांबते. १९९५ साली अमोल पालेकरांनी केलेल्या चित्रपटात माळाचा विस्तार अधिक दिसतो, पण दृष्टी मास्तराचीच राहते.

ह्याच वर्षी, म्हणजे १९५५ साली, गो. नी. दांडेकर ह्यांची 'पडघवली' प्रसिद्ध झाली. दोन्ही कादंबऱ्यांत गाव रिकामे होते आणि दोन्हींत प्रथमपुरुषी निवेदन आहे. साम्य येथेच संपते. पडघवली कोकणातले, पिढ्यांचे, नारळी-पोफळीचे गाव आहे. ते ओस पडते तेव्हा पडकी घरे, मोडकी कुंपणे आणि बुजलेली आगरे मागे राहतात, आणि अंबूवहिनीच्या विलापाला त्या प्रत्येक वस्तूचा आधार मिळतो. बनगरवाडीत मागे राहावयाला फारसे काही नाहीच. ह्यामुळे माडगूळकरांच्या शेवटाला विलापाचा सूर लागत नाही, रितेपणाचा लागतो. जी कृती अधिक थोर ती कोणती, हा प्रश्न येथे गौण आहे. मात्र 'पडघवली'साठी घडलेली करुणेची भाषा 'बनगरवाडी'ला तशीच्या तशी लावणे ही समीक्षेची हयगय होय.

मेंढरांवर उभ्या राहिलेल्या वस्त्या जगात अन्यत्रही आहेत, आणि त्यांपैकी ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील नगरांशी तुलना केल्यास माणदेशाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. क्वीन्सलंडमधील बार्काल्डिनसारखे गाव १८८६ साली लोहमार्ग तेथवर पोचला म्हणून वाढले, आणि १८९१ साली लोकर कातरणाऱ्या मजुरांच्या मोठ्या संपामुळे त्या देशाच्या राजकीय इतिहासात जाऊन बसले. तेथील मेंढरे कुंपणाच्या आत, एकेका मालकाची हजारोंनी. लोकरीच्या गासड्या आगगाडीने बंदराकडे आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांकडे. माणसे फिरती असली तर ती कातरणारी मजूरमाणसे. गाव मात्र जागचे हलत नाही. हेन्री लॉसन ह्या कथाकाराने १८९२ च्या सुमारास त्या रुक्ष प्रदेशावर लिहिलेल्या कथांत कोरड, अंतर आणि एकटेपणा हेच विषय आहेत, आणि त्याचा संयमही माडगूळकरांची आठवण करून देणारा आहे. पण तेथे भूमीवर नुकत्याच आलेल्या माणसाचे एकटेपण आहे. त्या भूमीवर आधीपासून हिंडणाऱ्या मूळ रहिवाशांचा त्यांच्या वाटांवरचा हक्क कुंपणांनी हिरावला गेला, ही त्या कथेची दुसरी बाजू. माणदेशात मेंढरांमागे हिंडणारे लोकच जुने आहेत आणि एकटा पडतो तो बाहेरून आलेला मास्तर.

नागपूर-विदर्भाच्या वाचकाला ह्या विषयात आणखी एक गोष्ट जाणवावी. ह्या प्रांताला गोपालकांचा इतिहास काही कमी नाही. मेळघाटाच्या कडेवरील गाविलगडाचे नाव गवळ्यांशी जोडले जाते. देवगडला गोंडांपूर्वी गवळी राजे होते अशी परंपरा सांगते. वर्धा जिल्ह्यातील आर्वी आणि कारंजा ह्या भागात नंदगवळ्यांनी गवळाऊ जातीची गुरे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. पांढरी, हलक्या बांध्याची, दमदार दुडकीची ही जनावरे मराठ्यांच्या लष्करी वाहतुकीला उपयोगी पडली असे सांगतात. मध्यप्रांताच्या मालगुजारी व्यवस्थेत चराईचा आणि सरपणाचा हक्क 'निस्तार' ह्या नावाने कागदावर नोंदला जात असे, आणि मालगुजारी १९५१ साली संपल्यावरही निस्तारपत्रक उरले. बोरच्या जंगलाला १९७० साली अभयारण्याचा आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा चराईचा प्रश्न पुन्हा पुढे आला. इतके सारे असूनही गवळ्यांच्या जीवनावर 'बनगरवाडी'च्या तोडीची कादंबरी विदर्भातून आलेली नाही. उद्धव शेळके ह्यांची 'धग' (१९६०) ही वऱ्हाडी बोलीची श्रेष्ठ कृती खरी, पण तिचे जग शिंपीकाम आणि मजुरी ह्यांच्या आधाराने जगणाऱ्या कुटुंबाचे आहे. मराठी वाचकाच्या मनातील पशुपाल माणूस अद्यापही एकट्या माणदेशाचाच आहे. ह्याचे श्रेय माडगूळकरांना आणि दोष इतर सर्वांना द्यावा लागेल.

बनगरवाडीचे मूळ म्हणून माडगुळ्याजवळच्या लेंगरेवाडीचे नाव घेतले जाते. ते खरे धरले तर ह्या परिसराचे पुढचे चरित्र कादंबरीच्या शेवटाशी ताडून पाहण्यासारखे आहे. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. आटपाडीचा मुलूख पुढील वर्षी दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी चढवून ह्या कोरड्या तालुक्यापर्यंत आणले. जेथे कुसळी उगवे तेथे ठिबकच्या नळ्या दिसू लागल्या, आणि कुरणे आखडली तशी मेंढक्यांच्या वाटाही आखडल्या. माणसे मात्र आजही निघतात. आटपाडी, खानापूर आणि विटे ह्या भागांतील अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन भारतभरच्या शहरांत पसरली आहेत. दूरच्या प्रांतांतील सराफ पेठांत ती दुकाने मांडून असतात आणि यात्रेला, लग्नाला, घर बांधावयाला गावाकडे परततात.